क्रिएटिनिन मर्यादेत असताना केमो का अडवली? (मदत हवी आहे)

चाळीसगावकर: आबांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाची तिसरी केमो काल होती. पहाटेच्या गाडीने नाशिकला गेलो, रक्त दिले, आणि अकरा वाजता सांगण्यात आले की किडनीचे काम मंदावल्यामुळे एक औषध देता येणार नाही आणि दुसऱ्याची मात्रा कमी होईल. रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) १.३ आहे, शेजारीच ०.७ ते १.३ ही मर्यादा छापली आहे. मग औषध का कापले? कृपया लवकर सांगावे.

तापीकाठ: औषधांची नावे, वय आणि वजन कळल्याशिवाय काय सांगणार?

रावेरचा केळीवाला: माझ्या सासऱ्यांचे क्रिएटिनिन गोखरूच्या काढ्याने उतरले, मूतखडाही पडला. आठ दिवस देऊन पाहा.

तापीकाठ: भाऊ, आबांना मूतखडा झालेला नाही. केमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता काढा देणे धोक्याचे आहे.

रावेरचा केळीवाला: मी अनुभव सांगितला, सक्ती केली नाही.

शिरपूरची लेक: माझ्या भावाला आधी भरपूर सलाइन लावून केमो देत असत. तुम्हीही तसाच आग्रह धरा.

चाळीसगावकर: वय ६८. औषधे पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. पहिल्या वेळी वजन ५२ किलो आणि क्रिएटिनिन १.० होते, आता वजन ४६ आहे.

औषधखिडकी, धुळे: ताई, ते सलाइन बहुधा सिस्प्लॅटिनसाठी असावे, ते औषध किडनीला थेट इजा करते. इथला प्रश्न निराळा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, त्यामुळे माणूस वाळला की किडनी मंदावूनही आकडा साधाच दिसतो. म्हणून १४० मधून वय वजा करून वजनाने गुणतात आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागतात. त्यावरून किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते याचा अंदाज येतो. आबांचा हिशेब पूर्वी ५२ येत होता, आता ३५ येतो. पेमेट्रेक्सेड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते आणि ४५ च्या खाली ते देत नाहीत. कार्बोप्लॅटिनसाठी याच आकड्यात २५ मिळवून, रक्तात एकूण किती औषध मिळावे याच्या ठरलेल्या लक्ष्याने गुणतात. लक्ष्य ५ धरले, तर पूर्वीचे ३८५ मिलिग्रॅम आता ३०० होतात. याला औषध कापणे म्हणू नका. ते शरीरात जास्त वेळ राहते, म्हणून तेवढाच परिणाम कमी मात्रेत मिळतो. जुनीच मात्रा दिली असती, तर प्लेटलेट कोसळण्याची भीती होती. आता एक सांगा, आबा दुखण्यावर काही गोळ्या घेतात का?

चाळीसगावकर: नाही, फक्त डॉक्टरांनी दिलेल्याच.

औषधखिडकी, धुळे: घरात विचारून पाहा.

चाळीसगावकर: आईला विचारले. उशीखाली डायक्लोफेनॅकची पट्टी निघाली, दहापैकी सात गोळ्या संपलेल्या. कंबर दुखते म्हणून गावातल्या मेडिकलमधून मागवत होते.

औषधखिडकी, धुळे: या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पेमेट्रेक्सेड अडकवून ठेवतात. आजच डॉक्टरांना फोन करा, किती दिवस घेतल्या ते सांगा आणि पुढच्या वेळी पट्टी सोबत न्या. कंबरेसाठी दुसरे औषध त्यांच्याकडूनच घ्या; हाडाचे दुखणे असेल, तर तेही त्यांना कळायला हवे.

चाळीसगावकर: फोन लावतो. रावेरच्या भाऊ, काढ्याची बाटलीही उशीजवळच सापडली.