जुनी शिशाची वजनं घरच्या गॅसवर वितळवू नका

सिंहगडरोडकर:
काल इथे एकाने लिहिलं की वडिलांच्या सामानात मासेमारीच्या गळाला लावायची दोन किलो शिशाची वजनं सापडली, ती जुन्या कढईत गॅसवर वितळवून नवीन पाडणार. खाली सगळ्यांचं ‘भारी आयडिया’. मला ते वाचून राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडेही असा डबा आहे. बाबा खडकवासल्याच्या बॅकवॉटरला गळ टाकायला जायचे. परवा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, तर प्रत्येक गोळीवर पिठासारखी पांढरी पूड. बोट लावलं की बोटाला येते. ती शिशाचीच पूड, आणि तीच पोटात जाते. बारीक गोळ्या बाबा तंगुसावर, म्हणजे गळाच्या दोरीवर, दातांनी दाबून बसवायचे. मीही तसंच शिकलो, आज आठवलं की अंगावर काटा येतो.

शिसं ३२७ अंशांना वितळतं, गॅसवर सहज. वर मळी येते, ती खरवडताना धूळ उडते आणि ओट्यावर बसते. त्याच ओट्यावर पोळ्या लाटणार ना? लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाच्या मेंदूचं झालेलं नुकसान भरून येत नाही.

आणि हो, सुक्या कचऱ्यातही टाकू नका. कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताया तो हाताने निवडतात.

भीमाकाठचा:
दादा, तुमचा छंद आहे, आमचं पोट आहे. माझा चुलता उजनी धरणावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकतो. एका पागाला चार-पाच किलो शिसं. जाळं फाटलं की शिसं काढायचं आणि नव्या पागाला लावायचं, कमी पडलं तर अंगणात चुलीवर वितळवून पाडायचं. चुलता सत्तरीचा आहे, अजून पहाटे चारला होडी काढतो. मुळा-मुठेची सगळी घाण भीमेतून आमच्या धरणात येते. चिलापी माशाला वास येतो म्हणून व्यापारी भाव पाडतो. त्यावर कुणी रात्र जागवली नाही, आणि चार गोळ्यांवर एवढं मोठं लिहिलंत.

माळढोक:
सांडपाण्याचा राग शंभर टक्के खरा. पण चार गोळ्या म्हणून सोडून देऊ नका. ब्रिटनमध्ये हंस मरायला लागले तेव्हा कारण हेच निघालं. पाणपक्षी अन्न दळायला खडे गिळतात, त्यात या गोळ्या जातात, पोटात झिजतात आणि विष रक्तात उतरतं. १९८७ मध्ये तिथे लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली, नंतर हंस वाढले. उजनीच्याच पाण्यावर भिगवणला हिवाळ्यात पट्टकादंब हे पाणपक्षी येतात. तेही खडे गिळतातच.

एरंडवण्याचे आजोबा:
आमची पिढी शिशाची कल्हई केलेल्या पातेल्यांत जेवली. चिंचेची आमटीसुद्धा त्यातच. मी ऐंशीचा आहे. हल्ली सगळ्यालाच भ्यायचं.

तांबटआळीची लेक:
आजोबा, कल्हई शिशाची नसते, कथलाची असते! माझं माहेर कसब्यात, तांबट आळीत. दारात भाता लावून भांडं तापवायचे, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एका दमात पुसायचं. पातेलं आरशासारखं. हे काम शिशाच्या नावावर खपवू नका, माझ्या आजोबांचे हात आयुष्यभर भाजलेले होते त्यात.

एरंडवण्याचे आजोबा:
दारावर येणारे सगळे शुद्ध कथील वापरत होते असं समजू नका. आमच्या वाड्यात एकाची कल्हई आठवड्यात काळी पडली होती. आई त्याच्यावर काय ओरडली होती!

तांबटआळीची लेक:
शिसं स्वस्त, म्हणून काही जण भेसळ करायचे, ते खरं आहे. पण मग तुमचंच म्हणणं उलटलं ना? भेसळीचं शिसं आंबट आमटीत उतरतं म्हणून तर ते वाईट. तुम्ही ऐंशीचे झालात, देव करो शंभर व्हा, त्यावरून नातवंडांना चालेल असं कसं म्हणता?

एरंडवण्याचे आजोबा:
बरं, कथील. शब्द चुकला माझा. एवढं तोडून बोलायची गरज नव्हती.

सिंहगडरोडकर:
कल्हईचा वेगळा धागा काढा, कृपा करून. इथे एक माणूस खरंच कढई घेऊन बसलाय.

भीमाकाठचा:
तुम्ही पुण्यात बसून धागे मोजा. मला एवढंच सांगा, शिसं नाही तर पागाला काय लावू? लोखंड हलकं, गंजतं, सूत खातं. स्टीलचे मणी चुलत्याला परवडतील का?

मुळशीचा गळवाला:
मी मधे पडतो. माझ्या मामेभावाने मातीच्या साच्यात शिसं ओतलं, साचा आतून ओला होता. पाण्याची वाफ झाली आणि वितळलेलं शिसं उसळून मानेवर, दंडावर उडालं. सोळा वर्षांचा होता. अजून कॉलर वर करून फिरतो. चुलत्याला सांगा, साचा कोरडा ठणठणीत हवा आणि आसपास पोरं नकोत.

भीमाकाठचा:
चुलता साचा आधी निखाऱ्यावर तापवतो, त्याला कळतं ते. पण पोरं भोवती बसतात, हे खरं आहे. मीही बसायचो. तेवढं सांगेन त्याला. पागाचं शिसं मात्र निघणार नाही, आधीच सांगतो.

सिंहगडरोडकर:
पाग काढा असं मी म्हटलंच नव्हतं, पण माझं लिहिणं तसं वाटलं असेल तर चूक माझी. पागाचं शिसं निदान जाळ्याबरोबर परत वर येतं. आमच्या गोळ्या तंगूस तुटला की तळालाच राहतात, म्हणजे घाण जास्त आम्हीच करतो. माझा डबा असा गेला: हातमोजे घालून गोळ्या जाड पिशवीत भरल्या, तोंड बांधलं, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी परत घेणाऱ्या दुकानदाराला विचारलं. त्याचा माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे जातो. त्याने वजन करून ठेवून घेतल्या. डबा मात्र घरीच आहे. आई म्हणते धुऊन त्यात रवा भरते, आणि मी तो कपाटावर लपवून ठेवलाय.