"व्यक्तिचित्र आहे, कथा नाही" म्हणजे नक्की काय?

अर्धा_चहा:
दिवाळी अंकाला पाठवलेली कथा परवा साभार परत आली. सोबत एका ओळीचा शेरा: "व्यक्तिचित्र चांगलं आहे, कथा नाही." तालुक्याच्या एसटी स्टँडवर चहाची टपरी चालवणारे अण्णा. सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. चौकशीची खिडकी बंद असली की लोक त्यांनाच विचारतात. रात्री ते स्टोव्ह विझवतात, संपलं. मला यात कथा दिसते. कथानक, पात्र, वातावरण, संघर्ष, निवेदन हे सगळं बारावीच्या पेपरात ठीक आहे. लिहिताना ती यादी समोर ठेवली तर वाणसामान भरल्यासारखं होतं. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा:
संपादकांचं बरोबर आहे. अण्णांचं कुठेच काही अडत नाही. त्यांना काय हवंय, काय गमवायची भीती आहे, पत्ता नाही. सकाळी होते तसेच रात्री. मी बारावीला शिकवते. मुलं घटक घडाघडा लिहितात, पण स्वतःची गोष्ट लिही म्हटलं की शेवटी नायक झोपेतून जागा होतो! तरी मी घटकांना दोष देणार नाही. कथा फसली तर कुठे फसली हे शोधायला ते लागतातच.

सातबारा:
बाई, हा वाद फार जुना आहे. ना. सी. फडक्यांचं लेखनतंत्रावरचं 'प्रतिभासाधन' 1931 चं. तंत्र, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू यांचा तेव्हा केवढा दबदबा! 1945 च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर हे नवकथाकार आले आणि ती चौकट मोडली. माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये कुठे आहे रचलेलं कथानक? माणूस उभा राहिला की पुरे.

खडूफळा:
'माणदेशी माणसं' आपण व्यक्तिचित्रं म्हणूनच वाचतो, म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. आणि नवकथेत कथानक बारीक झालं हे खरं, पण संघर्ष गेला नाही. तो अंगणातून माजघरात, म्हणजे माणसाच्या मनात गेला. तेवढा तरी अण्णांना द्या.

आळशी_वाचक:
कथेची नावं बदलत गेली: स्फुट गोष्ट झाली, संपूर्ण गोष्ट झाली, लघुकथा झाली, नवकथा झाली. मी अजून "बरं, मग पुढे?" एवढंच विचारतो.

कुसळ:
भांडण बाजूला ठेवून एक सुचवू? संध्याकाळची शेवटची मुक्कामी गाडी त्या दिवशी रद्द झालीय. अण्णांना दुपारीच कळलंय. एक म्हातारी पिशवी घेऊन येते, लेकीकडे निघालेली, आणि विचारते, "गाडी येतीय न्हवं?" बाहेरून काही आणावं लागलं नाही. वेळा पाठ असणं हे आत्तापर्यंत अण्णांचं नुसतं वर्णन होतं, आता तेच त्यांच्या अंगाशी येतं. फक्त निवेदक बदलावा लागेल. तुमचा 'मी' बाकावर बसून चहा पितोय, अण्णांना दुपारी काय कळलं हे त्याला कसं ठाऊक? एक तर अण्णांच्या डोक्यात शिरा, नाहीतर त्या 'मी'लाही त्याच गाडीची वाट बघायला लावा. मी दुसरं निवडेन.

अर्धा_चहा:
पण मग ती तुमची कथा झाली, कुसळ. माझ्या अण्णांच्या आयुष्यात काही घडत नाही, तेच मला सांगायचं होतं. तरी खरं सांगतो, तुमचा प्रसंग वाचल्याबरोबर कळलं की अण्णा तिला खोटं सांगतील. "येईल, बसा, चहा घ्या." हे मला इतक्या पटकन कसं कळलं, याचाच राग येतोय.

खडूफळा:
का खोटं सांगतील?

अर्धा_चहा:
स्टँडवर रात्री एकटे पडतात म्हणून. हे आधीच्या खर्ड्यात एका ओळीत होतं, मीच खोडलं.

सातबारा:
झालं, आता म्हातारी आली, उद्या पाऊस येईल, परवा दिवे जातील! चांगल्या व्यक्तिचित्राची वाट लावताय. त्याला एक अक्षर न बदलता दुसऱ्या अंकाकडे धाडा.