वीज पडल्याचे अनुभव: माणसांचे, जनावरांचे, थोडक्यात वाचल्याचेही

आखाड्यावरची
परवा रात्री वळीव आला. आम्ही आता पुण्यात, आठव्या मजल्यावर. लेक बाल्कनीच्या कठड्याला धरून विजा बघत होती. मी तिला इतक्या जोरात आत ओढलं की रडायलाच लागली.

मी सातवीत होते. चाकूरकडचं आमचं रान, मे महिना, कुळवणी चाललेली. आभाळ भरून आलं तसा आबांनी कुळव सोडला, बैल बांधावरच्या लिंबाला बांधले, नेहमी बांधायचे तसेच. आम्ही दोघं आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घराकडे, पळालो. पाऊस अजून धड सुरूही नव्हता. एकदम सगळं पांढरं झालं. आवाज कानात नाही, छातीत बसला. लिंबाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत एका पट्टीत सोलून निघालेली, आतलं लाकूड पांढरंफेक, ओलं. दोन्ही बैल आडवे. अंगावर जखम एक नाही. ढवळ्याच्या तोंडात कडब्याचं धाट तसंच होतं. आबा त्याचं दावं सोडवायला बसले. गाठ सुटेना, तरी सोडवतच राहिले.

पुन्हा त्यांनी बैल घेतले नाहीत. तुम्हीही लिहा.

रानवाटा
गलबलून आलं गं. आमच्या ११ शेळ्या गेल्या, चिंचेखाली एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. दोन पिल्लं जरा लांब होती ती वाचली. पुढचं नंतर लिहिते, कुकर झालाय.

गुरांचा डॉक्टर
नोकरीत अशी बरीच जनावरं तपासली. झाडावर वीज पडली की करंट बुंध्यातून जमिनीत उतरतो आणि चहूकडे पसरतो. बुंध्याजवळ जोर जास्त, लांब गेलं की कमी. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चांगलं दीड मीटर अंतर. एका टोकाने शिरतो, दुसरीकडून निघतो, वाटेत काळीज. माणसाच्या दोन पावलांत अंतर कमी, आणि करंट बहुतेक पायांतूनच परत जातो. म्हणून कधी गुराखी वाचतो आणि त्याच्या शेजारची गाय जाते. नॉर्वेत ऑगस्ट २०१६ मध्ये ३२३ रेनडिअर एकाच वादळात मेले, दाटीवाटीने उभा असलेला कळप. झाडाखाली गुरं बांधू नका, एवढं माझं ऐका. उघड्यावर असतील तर दावी सोडून द्या.

आणि मेलेलं जनावर घाईने पुरू नका. आधी तलाठ्याला कळवा, पंचनामा आणि शवविच्छेदन होऊ द्या. केंद्राच्या २०२२ च्या निकषात दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत.

आखाड्यावरची
आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही डॉक्टर. पहाटेच पुरले.

पायाळू
नावावरून कळलंच असेल, जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. गडगडायला लागलं की आजी मला माजघरात मांडीवर घेऊन बसायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. अंगणात कोयता फेकायची. माझे भाऊ मात्र खळ्यात भिजत, त्यांची काळजी कुणालाच नाही. थोरला पडवीच्या लोखंडी खांबाला टेकून उभा होता. वीज माडावर पडली आणि हा तिकडे फेकला गेला. हात महिनाभर बधिर. आजीने त्या दिवसापासून सगळ्यांनाच आत घ्यायला सुरुवात केली, बिचारी.

साताऱ्याची सून
पायाळूने लाथ मारली की उसण जाते म्हणतात ना? आमच्याकडे एका पोरापुढे सकाळी रांग लागायची!

पायाळू
हो हो, शेजारच्या काकू यायच्या. लाथ झाली की लाडू मिळायचा.

दवाखान्यातली ताई
मी नर्स आहे. ऑक्टोबरात सोयाबीन काढताना आमच्या गल्लीतलं पोरगं पडलं. माणसं भोवती उभी, पण कुणी हात लावेना, अंगात करंट असतो म्हणे. दोघं जण शेणात पुरायचं म्हणून घमेली आणायला पळाले. अहो, करंट राहत नाही अंगात! श्वास नव्हता, नाडी नव्हती. मी गुडघे टेकले आणि छाती दाबायला लागले, मध्ये मध्ये तोंडाने श्वास. माझे हात भरून आले तेव्हा त्याच्या मामाला शिकवलं, तिथेच, ओरडून ओरडून. आलं पोरगं परत. एका कानाने कमी ऐकतं, पण मागच्या वर्षी लग्न झालं त्याचं. पडलेल्याला हात लावा, वाट बघू नका.

आखाड्यावरची
ताई, दोनदा वाचलं. उद्या आबांना फोनवर वाचून दाखवते.

बांधावरून
दामिनी अ‍ॅप घ्या सगळ्यांनी, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं. आसपास वीज पडत असेल तर दाखवतं. आमच्या शिवारात रेंज नसते, तिथे मी मोजतो. वीज चमकली की मोजायला लागायचं, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला की काम टाकून पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडत नाही, मजूर कितीही कुरकुरले तरी.
चाकूरकडे कुठलं गाव तुमचं? माझी आत्या घरणीला दिलीय.

आखाड्यावरची
अगंबाई, घरणी! आमचं रान तिथून जवळच.

रानवाटा
आले परत. त्या दोन पिल्लांना आईने बाटलीने दूध पाजून जगवलं, रात्री स्वतःजवळ घेऊन निजायची. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या, निघाल्या. त्यांच्या पोटच्या सहा आहेत आता. पाऊस आला की आई आधी त्यांना घरात घेते, मग वाळवण.

आखाड्यावरची
फोटो टाक ना. लेकीला दाखवते.