फायलिनच्या वेगाचे दोन आकडे : तुलनेसाठी कोणता धरावा?

२०१३ चा अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम शांत गेला. १४ वादळांपैकी हंबर्टो आणि इंग्रिड ही दोनच हरिकेन (तिकडची तीव्र चक्रीवादळे) झाली आणि तीही वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या पाच श्रेणींपैकी सर्वांत खालच्या श्रेणी १ च्या पुढे गेली नाहीत. त्यांची त्याच वर्षीच्या ओडिशातील फायलिन चक्रीवादळाशी तुलना करताना मी अडलो आहे. अमेरिकी श्रेणी एक मिनिटाच्या सरासरी वाऱ्यावरून ठरते, तर भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो. विभागाने फायलिनचा कमाल वेग ताशी सुमारे २१५ किलोमीटर दिला, तर अमेरिकी लष्कराच्या टायफून केंद्राने २६०. तीन मिनिटांच्या सरासरीचे एक मिनिटाच्या सरासरीत रूपांतर करणारा नेहमीचा गुणक लावूनही एवढी तफावत भरून निघत नाही. दाब व पाऊस मला नको, केवळ वेग हवा आहे. उरलेला फरक उपग्रहचित्रांवरून तीव्रता ठरवण्यातून येतो का, आणि तसे असल्यास तुलनेसाठी कोणता आकडा धरावा?