एफ-होलची टोकं तुटतायत, मदत हवी आहे

ए-स्टाइल (थेंबाच्या आकाराचं) मँडोलिन बांधतोय. वरची पाटी स्प्रूसची (एक सूचिपर्णी लाकूड), कोरीव. बाहेरचा उंचवटा पूर्ण झालाय, आतून एफ-होलच्या (आवाजासाठी पाटीत कापायच्या f आकाराच्या भोकांच्या) भागात अजून साधारण ५ मिमी जाडी आहे. टोन बार (पाटीला आतून चिकटवायच्या पट्ट्या) लावलेले नाहीत, बॉडीही बंद केलेली नाही.

सध्या उरलेल्या स्प्रूसवर सराव चाललाय. दोन्ही टोकांची गोल भोकं मागे ठोकळा दाबून ब्रॅड-पॉइंट (मधोमध टोक असलेल्या) बिटने पाडतो, ती स्वच्छ येतात. मधला भाग फ्रेट सॉने (बारीक पात्याच्या करवतीने) खुणेच्या आतून कापून मग सुरीने खुणेपर्यंत आणतो. घोळ इथेच होतो. स्प्रूसच्या गडद रेषा कडक आणि मधलं लाकूड मऊ, त्यामुळे सुरी ग्रेन (लाकडाचे तंतू) धरून पळते. गोल भोकाजवळच्या निमुळत्या टोकाला ग्रेन आखूड असतो, तिथे हमखास कपची उडते. सुरीला धार आहे, केस उडतात. गोल कानस वापरली तर टोक वाचतं, पण कड गोलसर होते आणि बाइंडिंग (कडेला लावायची पट्टी) नसल्याने ते लगेच नजरेत येतं. पातळ सुपरग्लू मुरवायचा नाही, कारण त्या जागी स्टेन (लाकडात मुरणारा रंग) धरत नाही आणि मला सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेकडे गडद होत जाणारा रंग) करायचंय.

राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) नाही, हातानेच करायचंय.

तर पाटी आधी आतून ३ ते ३.५ मिमीपर्यंत उतरवून मग एफ-होल कापू, की जाड असतानाच कापून नंतर आतून उतरवू? आणि त्या निमुळत्या टोकाशी सुरी भोकाकडून बाहेर चालवायची की बाहेरून भोकाकडे?