सप्टेंबरअखेर बारालाचा खिंड एकट्याने: हवा बिघडली तर मागे कुठून फिरायचं?

रानगवा_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मनाली-लेह करतोय, हिमालयन ४११ बाईकवर. सोबतचा मित्र ऐनवेळी गळाला, त्यामुळे एकटाच. आंबोली, अणुस्कुरा भर पावसात केलेत. पण बारालाचाच्या अलीकडच्या दारचा गावापुढे वादळ आलं तर थांबायचं की पुढे रेटायचं? आई रोज विचारते, तिला खरं काय ते सांगायचंय.

वैतरणा:
भावा, आंबोलीत भिजलास तरी खाली उतरून चहा प्यायलास की अंगात ऊब येते. बारालाचा ४,८९० मीटरवर आहे. तिथे हातमोजे भिजले की बोटं क्लचवर आहेत की नाहीत तेच कळत नाही. मी एकटी जात असताना सूरजतालच्या वळणावर गारा सुरू झाल्या. व्हायझरवर आतून वाफ, बाहेरून बर्फ. काच वर केली की डोळे उघडवत नव्हते. अंगठ्याने काच पुसत, पहिल्या गिअरवर खिंडीखालच्या झिंगझिंगबारला परत उतरले आणि तिथून थेट आणखी खाली जिस्पा गावाला. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं.

तेव्हा निर्णय झिंगझिंगबारलाच घे. समोर खिंड काळी दिसली तर मागे फिर. "कसंबसं सरचू गाठू" हा विचार मनातही आणू नकोस. सरचूच्या मागे बारालाचा, पुढे नकी ला आणि लाचुंग ला या आणखी दोन खिंडी. दोन्हीकडे बर्फ पडला की तू मधल्या मध्ये अडकलास, तेही जवळपास ४,३०० मीटरवर, ओल्या कपड्यांत. सप्टेंबर २०१८ मध्ये लाहौलमध्ये अवेळी बर्फ पडला तेव्हा शेकडो माणसं अडकली होती, हेलिकॉप्टरने काढावी लागली. तुझा आठवडा नेमका तोच आहे.

आणि अटल बोगद्यामुळे मनाली ते सरचू एका दिवसात जमतं म्हणून तसं करू नकोस. पहिला मुक्काम जिस्पा किंवा केलाँग. उंची अंगात मुरू दे.

डोंगरकपारी:
तांदीला टाकी फुल्ल कर. पार लेहजवळच्या कारूपर्यंत पंपाचा भरवसा धरू नकोस, वर पाच लिटर कॅनमध्ये घे. लडाखमध्ये आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा.

रानगवा_कोल्हापूर:
ताई, मनापासून आभार. नाल्यांना दुपारी पाणी वाढतं म्हणून पहाटे पाचला निघायचं ठरवलं होतं. बरोबर आहे ना?

वैतरणा:
जुलैत बरोबर आहे. सप्टेंबरअखेर नाही. रात्री रस्त्यावर सांडलेलं पाणी पहाटे गोठलेलं असतं, नुसता ओला डांबर वाटतो आणि गाडी आडवी होते. सावलीतल्या वळणांवर तर हमखास. तेव्हा थंडीने नाल्यांचं पाणीही कमी झालेलं असतं, त्यामुळे एवढी घाई नको. साडेसात-आठला नीघ आणि दुपारी एकच्या आत खिंड ओलांड. हातमोज्यांच्या आत साधे डॉक्टरी रबरी मोजे घाल, पायात सॉक्सवर प्लास्टिकच्या पिशव्या. कोरड्या कपड्यांचा एक जोड जाड पिशवीत बांधून ठेव, काही झालं तरी वाटेत उघडायचा नाही. डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली तर गोळी घेऊन पुढे जाऊ नकोस, खाली उतर.

आईला सांग, जिस्पाहून निघताना फोन करीन, नंतर लेहच्या अलीकडे उपशीला पोचल्यावर. मध्ये फोन लागेलच असं नाही, एखादा मुक्काम वाढेलही. परतीचं तिकीट काढलं असशील तर दोन दिवस पुढे ढकल.