सफरचंदाच्या बागा बघायला ऑक्टोबरमध्ये कुठे जावं? आणि त्यावर कविता कशी लिहिता?

मुक्ता_कोथरूड:
नमस्कार मंडळी. आमचा कोथरूडला छोटासा कवितेचा कट्टा आहे, दर कोजागिरीला कुणाच्या तरी गच्चीवर जमतो, मसाला दूध आणि प्रत्येकाने स्वतःची नवीन कविता वाचायची. यंदाचा विषय ठरलाय 'शरदातली बाग'. आता पुण्यात ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा, आणि आपल्याकडची पानगळ ती शिशिरात, त्यामुळे शरदातली बाग म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यापुढे एकदम लगडलेली सफरचंदं येतात आणि मग सगळ्यांच्या कवितेत तेच ते, लाल गाल, धुकं आणि कोणीतरी 'ती'. मला तसं लिहायचं नाहीये. मी आणि मैत्रीण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हिमाचलला जायचं बघतोय. तेव्हा झाडावर फळं असतात का आणि कुठे? आणि तुमच्यापैकी कोणी बाग बघून लिहिलं असेल तर प्लीज सांगा, फोटोत दिसतं त्याच्या पुढचं कवितेत कसं आणता?

डोंगरवाटा:
मुक्ताताई, ऑक्टोबर असेल तर शिमल्याच्या आसपास थांबू नका, सरळ किन्नौर गाठा. शिमल्याकडचा कोटगढ-ठाणेदार हा पट्टा फार सुंदर आहे, १९१६ च्या सुमारास सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने तिथे डेलिशियस जातीची झाडं लावली आणि आजचा हिमाचलचा सफरचंदाचा धंदा तिथून उभा राहिला, पण तिकडची तोडणी जुलैअखेर सुरू होते आणि सप्टेंबरात बहुतेक उरकते. कल्पा, सांगला उंचावर, तिथे फळ उशिरा तयार होतं त्यामुळे ऑक्टोबरमध्येही तोडणी चालू सापडते. पुण्याहून चंदीगडला विमान आणि पुढे रस्ता, वाटेत दरडी येतात म्हणून एक दिवस हाताशी जादा ठेवाच.

आणि बागेत गेलात की नुसत्या फिरू नका, मालकांना विचारून थोडा वेळ तोडणीला हात लावा. फळ ओढायचं नसतं, तळहातात धरून किंचित वर उचलून हलकासा पीळ द्यायचा, तयार असेल तर देठासकट अलगद सुटतं. जिथून ते सुटतं तिथेच पुढच्या वर्षीचा डोळा, म्हणजे कोंब, असतो, ओरबाडलंत तर तोही निघतो आणि मग त्या जागी पुढच्या साली फळ नाही. मला हे तिथल्या एका आजींनी हात धरून शिकवलं, पाठीला किल्टा म्हणजे तिकडची निमुळती टोपली लावून त्या उतारावरून इतक्या भराभर चालत होत्या की मी बघतच राहिलो. त्या रात्री हॉटेलवर लिहिलेलं देतो, बरंवाईट तुम्हीच ठरवा:

उन्हाळाभर फांदीनं तोललेलं वजन
एका हलक्या पिळानं
माझ्या तळहातावर आलं.
देठ फळाबरोबर आला,
डोळा मात्र फांदीवरच राहिला
पुढच्या आश्विनासाठी.

सासवडकर:
ताई हिमाचलला अवश्य जा पण शरदातली बाग हवी असेल तर दिवेघाट चढून या की आमच्याकडे. सीताफळाचा हंगाम चालू असतो. पहाटे अंधुक दिसायला लागलं की तोडणी, मग क्रेट भरून सासवडच्या बाजारात. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांच्या मधली रेघ पिवळसर दिसायला लागली, की फळ काढायलाच लागतं, दोन-तीन दिवसात मऊ पडतं. सफरचंद कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्‌महिने बसून राहतं, आमच्या फळाला तेवढा दम नाही, त्यामुळे ह्या दिवसात घरातलं लग्नकार्य असो नाहीतर ताप, तोडणी थांबत नाही. ह्याच्यावर कोणी लिहिलं तर मी मनापासून वाचीन.

आणि सफरचंद आपल्याकडेही लावतात हल्ली. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले हरिमन शर्मा, २०२५ ला पद्मश्री मिळाली त्यांना, त्यांनी कमी थंडीत फळणारी हरिमन ९९ जात शोधली. पण ती पिकते जूनच्या आसपास, तुमच्या शरदात तिच्यावर फळ नाही मिळायचं.

मराठीचे_सर:
डोंगरवाटा, 'डोळा मात्र फांदीवरच राहिला' ही ओळ फार आवडली. ती जागेवर बसून सुचत नाही, हाताला कळल्यावर सुचते. मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं माझ्या मते हेच उत्तर. रॉबर्ट फ्रॉस्टची सफरचंद तोडणीनंतरची कविता बघ, १९१४ मध्ये पुस्तकात आली. त्याच्या न्यू हॅम्पशायरच्या शेतावर सफरचंदाची झाडं होती. त्या कवितेत लाली जवळजवळ नाहीच, झोपायला टेकलेल्या माणसाच्या तळपायाला अजून शिडीच्या पायरीचा दाब जाणवतोय आणि कानात तळघरात येणाऱ्या सफरचंदांच्या खेपांचा गडगडाट आहे, बाग आहे ती त्या थकव्यात. आणि आपल्याकडे ना. धों. महानोर. पळसखेड्याला शेती करत लिहिलं, सीताफळाच्या बागा लावल्या, २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 'पानझड'ला. त्यांच्या कवितेतलं झाड हे रोज पाणी दाखवलेलं झाड आहे, म्हणून ते खोटं वाटत नाही. मला वाटतं शोभेची विशेषणं शोधण्याऐवजी बागेत कोण काय करतंय ते आधी साध्या वाक्यात वहीत उतरवावं, क्रेट कोण उचलतं, डागी फळ कुठल्या ढिगात जातं, दुपारी डबा कुठे बसून खातात. त्यातली निम्मी वाक्यं टाकून द्यावी लागतील पण उरलेल्यात कविता असते.

नळस्टॉपची_वाचक:
सर, थोडं वेगळं मत मांडू का? सगळं कष्टातूनच यायला पाहिजे असं नाही मला वाटत. माझी आई आयुष्यात कधी बागेत गेली नाही, दिवाळीच्या आधी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सफरचंदाच्या पेट्या उघडताना मात्र थांबून थांबून बघायची, आतल्या कागदाचा कुरकुरीत आवाज आणि एकदम येणारा तो गार गोड वास, तिच्यासाठी काश्मीर तेवढंच. बघणाऱ्याचीही कविता असते, फक्त त्याने नीट बघितलेलं असावं.

मराठीचे_सर:
हे मान्य. आईंचा कागदाचा आवाज कवितेत यायलाच हवा, तुम्हीच लिहा तो.

मुक्ता_कोथरूड:
किती काय काय दिलंत सगळ्यांनी, खूप आभार! किन्नौरचं बुकिंग आज करतेय, सांगला तीन दिवस आणि एक दिवस जादा. पण त्याच्या आधी सासवड. दादा, ह्या रविवारी आम्ही चौघी-पाच जणी आलो तर चालेल का, तोडणीला हात लावू देणार असाल तरच येतो, नुसतं बघायला आणि फोटो काढायला नाही. आणि नळस्टॉपची_वाचक, कोजागिरीला तुम्ही आमच्या गच्चीवर या, आईंवरची कविता घेऊन.

सासवडकर:
या की, हक्काने या. पण साडेपाचला बागेत पाहिजे, नंतर ऊन चढतं आणि बाजाराची वेळ होते. अंगभर बाह्यांचे कपडे घाला, काही झाडांवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पिठासारखी पांढरी कीड, आलाय, त्याच्या मागे मुंग्या असतात आणि फळाला हात घातला की थेट कोपरापर्यंत चढतात. लोकेशन मेसेज करतो.